आडव्या भिंतींचें घर

गेल्या महिन्यांत वडगांव मावळास माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरीं जाण्याचा योग आला. तीन भाऊ, त्यांचीं मुलें-सुना आणि वडिलांनीं सुरू केलेला बांधकामाच्या कंत्राटाचा धंदा, असा हा एकत्र संसार. ओटीवर पाऊल ठेवून पाहतों तों सतरंजीवर नकाशे पसरलेले आणि तिघे भाऊ तीन दिशांना तोंडें करून बसलेले! "गुरुजी, बरें झालें आलांत," थोरला म्हणाला, "आमच्या कचेरीचा वाद आतां तुम्हींच मिटवा." मीं आयुष्यभर मुलांना संधि सोडवावयास शिकविलें, भिंती कधीं बांधल्या नाहींत, तरी बसलों.

धंदा वाढला, जुनी जागा अपुरी पडूं लागली, म्हणून हमरस्त्याजवळच्या स्वतःच्या जमिनींत मुख्य कचेरी व तिला लागून सामानाचें कोठार बांधावयाचें ठरलें होतें. थोरल्याचा आग्रह घडीव काळ्या दगडाचा. मधल्याला दर्शनी बाजू सगळी कांचेची हवी. धाकट्याची सून वास्तुशिल्पाची पदवीधर. तिनें तिसरीच गोष्ट सुचविली होती : भिंती जमिनीवर आडव्या ओताव्या आणि मग क्रेननें उभ्या कराव्या! ह्या पद्धतीला 'टिल्ट-अप' असें नांव आहे.

तिनें मला सर्व क्रम समजावून दिला. प्रथम इमारतीची जमीन काँक्रीटची पक्की करून घ्यावयाची. तिच्यावर फळ्यांची चौकट मांडून भिंतीचा आकार आंखावयाचा. दारें-खिडक्यांच्या जागा त्याच वेळीं मोकळ्या सोडावयाच्या. नवें काँक्रीट खालच्या जमिनीस चिकटूं नये म्हणून मध्यें एक लेप द्यावयाचा. मग सळयांची जाळी आणि उचलण्यासाठीं लोखंडी अडकण्या बसवून काँक्रीट ओतावयाचें. नमुन्याचे ठोकळे दाबून पाहून पुरेसें बळ आल्याची खात्री झाली कीं भिंत उचलावयाची. वीस फूट रुंद, पंचवीस फूट उंच आणि सात इंच जाड अशी एक भिंत सुमारें २० टन भरते. उचलतांना तिच्या पडझडीच्या टप्प्यांत कोणीहि उभें राहावयाचें नाहीं. उभी झाली कीं तिला तिरके टेकू द्यावयाचे. आणि छप्पर चढून सर्व भिंती एकमेकींशीं जखडल्या गेल्या, म्हणजेच टेकू काढावयाचे.

हें ऐकतांना मला आमच्या आजोळचें घर आठवलें. तेथें कारवीचा कूड अंगणांत आडवा विणीत, चार गडी तो उचलून मेढींना बांधीत, आणि मग बायका त्यावर शेणमाती लिंपीत. 'कूड' हा आपला शब्द संस्कृत 'कुड्य' शब्दापासून आला. त्याचा अर्थ भिंतच. तेव्हां आडवी भिंत उभी करण्याची युक्ति मावळास अगदींच परकी नव्हे. फरक वजनाचा!

काँक्रीटच्या कामीं ही युक्ति अमेरिकेंत रॉबर्ट एकन नांवाच्या गृहस्थांनीं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत रूढ केली. इलिनॉय प्रांतांतील कॅम्प लोगन येथें त्यांनीं अशा भिंती उभ्या केल्या. पुढें अर्व्हिंग गिल ह्या वास्तुशिल्पकारांनीं कॅलिफोर्नियांतील ला होया येथें स्त्रियांच्या क्लबाची इमारत ह्याच रीतीनें उठविली. ती १९१४ सालीं पुरी झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर चालत्या क्रेन सर्वत्र मिळूं लागल्या, आणि मग तिकडे कोठारें व कारखाने ह्या पद्धतीनें भराभर होऊं लागले.

आपल्याकडे ह्याची जवळची बहीण पुण्यास नांदली. वाईजवळच्या पसरणी गांवीं १९१८ सालीं जन्मलेले बाबुराव गोविंदराव शिर्के यांनीं आपल्या घरच्या कंपनीमार्फत कारखान्यांत खांब, तुळया व तक्ते ओतून ते जागेवर जोडण्याची रीत महाराष्ट्रांत रुजविली. १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठीं झालेलें बालेवाडीचें क्रीडासंकुल हें त्यांच्याच कंपनीचें काम. तेथें भाग कारखान्यांतून गाडीनें येतात. येथें भिंत घराच्या पायाशींच जन्मते, एवढाच भेद.

मग ह्यांत दोष नाहींत काय? आहेत, आणि ते त्या मुलीनें लपविले नाहींत. इमारत लहान असेल, तर क्रेनचें भाडें अंगावर येतें. भिंती ओतावयास मोकळी जागा पाहिजे. मावळचा पाऊस पाहतां ओतणें-उचलणें दिवाळीनंतर सुरू करून वैशाखापूर्वीं उरकलें पाहिजे. दोन भिंतींमधल्या सांधीतला लवचिक भरणा कांहीं वर्षांनीं जुना होतो. तो न बदलल्यास पाणी आंत शिरणारच. नुसतें काँक्रीट उन्हांत तापतें. म्हणून पश्चिमेच्या भिंतीच्या पोटांत उष्णतारोधक थर घालावा लागेल. आणि १९६७ चा कोयनेचा भूकंप आठवून छपराशीं होणाऱ्या जोडांत पैची काटकसर करतां कामा नये.

"हें सगळें आम्हांला पटलें आहे, गुरुजी," मधला म्हणाला, "अडलें आहे दारांपाशीं."

तेथें खरी गांठ होती. थोरल्याला तीन स्वतंत्र दारें हवीं होतीं, आणि आंत वरपर्यंत काँक्रीटच्या दोन आडभिंती. कां? तर उद्यां वांटणी झाली, तर ज्याचा त्याचा भाग वेगळा करतां यावा! हें इतके दिवस कोणी उघड बोललें नव्हतें. पण ह्या कामांत दार कोठें तें ओतण्यापूर्वींच ठरवावें लागतें. मागाहून भिंत फोडली, तर आंतल्या सळया तुटतात. त्यामुळें मनांत दडलेली गोष्ट नकाशानें बाहेर काढली. धाकटा मान खालीं घालून बसला होता. त्याचे डोळे भरले होते.

सून हळूच म्हणाली, "मोठे काका, ह्यांतली एकहि भिंत एकटी उभी राहत नाहीं. छपरानें एकमेकींना धरलें आहे म्हणून त्या उभ्या आहेत. उद्यां छप्पर तिघांत कापलें, तर तिघांनाहि पुन्हां टेकू शोधावे लागतील."

मला व्याकरण सुचलें. मीं म्हटलें, "अरे, भित्ति हा शब्दच 'भिद्' धातूचा, म्हणजे फोडण्याचा. बाहेरची भिंत पाऊस फोडते, ती हवीच. आंतली माणसें फोडते, ती कशाला? तुझी काळजी मात्र खोटी नाहीं. मुलें मोठीं झालीं आहेत. कोणाचा हिस्सा किती, हें स्पष्ट झालेंच पाहिजे. पण तें कागदावर कर, काँक्रीटमध्यें नको. कागद बदलतां येतो."

बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग थोरल्यानें पेन्सिल उचलून दोन दारें स्वतः खोडलीं. वकिलांना बोलावून हिस्स्यांचा लेख आधीं करावयाचा, आंत हलवितां येतील असे लांकडी पडदे घालावयाचे, आणि दर्शनी दारापाशीं थोरल्याच्या समाधानासाठीं काळ्या दगडाचा जोता घ्यावयाचा, असें ठरलें. मग आंतून चहा आला.

ह्याच वडगांवीं १७७९ च्या जानेवारींत इंग्रजांनीं मराठ्यांशीं तह केला, आणि मागाहून त्यांच्या कलकत्त्याच्या सरकारनें तो मानला नाहीं. आमच्या ओटीवरच्या तहाला तरी तसें भाग्य न येवो! दिवाळीनंतर पहिली भिंत उभी राहील, तेव्हां मला बोलावणें आहे. मी जाईन; पण उभा राहीन तो सुनेनें आंखून दिलेल्या रेषेच्या बाहेर.