कपाटात दडवलेला पंप

लहान मुलाला दमा आहे हे मान्य करायला आपल्याकडे घरच्यांना फार वेळ लागतो, आणि त्या वेळाची किंमत मूल रात्री-अपरात्री मोजत राहतं. पहिल्या पावसात, ऑक्टोबरच्या बदलत्या हवेत, दिवाळीच्या साफसफाईत खोकला सुरू होतो. दिवसा मूल खेळतं, हसतं, आणि पहाटे तीनला खोकत उठून बसतं. छातीतून शिट्टी वाजते, पोट उडायला लागतं. मग ‘कफ झालाय’, ‘छाती भरलीय’, ‘सर्दी खाली उतरली’ असं म्हणत महिनेच्या महिने जातात. पालकांचा चेहरा पाहून डॉक्टरही ‘ॲलर्जिक खोकला’ लिहितात किंवा ‘बालदमा आहे, मोठेपणी जाईल’ एवढंच सांगतात. आईबापाला धक्का बसू नये हा त्यामागचा हेतू चांगला असेल. बऱ्याच मुलांचा त्रास पुढे कमी होतो हेही खरं. पण आज रात्री त्याला श्वास पुरत नाहीये, त्याचं काय? आणि आजार दमा आहे हेच ज्यांना ठाऊक नाही, ती माणसं रोजचं औषध रोज कशासाठी देतील?

‘ग्लोबल अस्थमा नेटवर्क’ने भारतात मुलं आणि त्यांचे पालक यांची जी पाहणी केली, तिचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. पुण्याचे डॉ. संदीप साळवी त्या अभ्यासाच्या लेखकांपैकी एक. ज्यांना दम्यासारखी शिट्टी आणि धाप होती, त्यांतल्या ८२ टक्के लोकांना दम्याचं निदानच झालेलं नव्हतं. ज्यांचं निदान झालं होतं, त्यांच्यातही स्टेरॉइडचा पंप रोज घेणारे दहा टक्क्यांपेक्षा कमी निघाले. उपचार उपलब्ध असलेल्या आजाराची ही अवस्था आहे. याला औषधांच्या किमती आणि सरकारी दवाखान्यांतला तुटवडा कारणीभूत आहेच, पण पंपाविषयीची भीतीही तितकीच कारणीभूत आहे. ती भीती आपण घरात जपतो.

‘पंपाची सवय लागते’ हे वाक्य ऐकलं नाही असा दम्याच्या मुलाचा पालक महाराष्ट्रात सापडणार नाही. पंप कपाटात साड्यांच्या घडीमागे ठेवला जातो, पाहुणे आले की मुलाला आतल्या खोलीत नेऊन दिला जातो. मुलगी असेल तर आणखी लपवाछपवी, कारण आजीला आत्तापासून तिच्या लग्नाची काळजी. चार वर्षांचं मूल हे सगळं पाहत असतं. आपल्यात काहीतरी लाजिरवाणं आहे, हे त्याला कुणी न सांगता कळतं. हेच मूल दहाव्या वर्षी शाळेत धाप लागली तरी दप्तरातला पंप बाहेर काढत नाही.

सवय लागते म्हणजे काय, ते तपासून पाहू. दम्यात श्वासनलिका आतून सुजलेल्या असतात. सर्दी, धूर, धूळ यांनी त्या चिडतात, भोवतालचे स्नायू आवळतात, चिकट स्राव साचतो आणि वाट अरुंद होते. शिट्टी थांबली तरी सूज आत राहते. म्हणून औषधं दोन प्रकारची. साल्ब्युटामॉलचा पंप, बहुतेकदा निळा, आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करतो. तो त्रासाच्या वेळी घ्यायचा. ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोनचा पंप सूज उतरवतो आणि तो मूल बागडत असतानाही रोज घ्यायचा असतो. घोळ इथेच होतो. निळ्या पंपाने लगेच बरं वाटतं म्हणून तो चांगला वाटतो. दुसऱ्याचा परिणाम डोळ्यांना दिसत नाही, शिवाय त्यात स्टेरॉइड आहे, म्हणून पंधरा दिवसांत तो बंद होतो. पुढच्या सर्दीत पुन्हा ॲडमिट. मग ‘पंप देऊनसुद्धा काही फरक पडला नाही’.

स्टेरॉइडने वाढ खुंटेल ही आईबापाची भीती हसण्यावारी नेऊ नये. तिचं उत्तर आकड्यात देता येतं. अमेरिकेत रोज ब्युडेसोनाइडचा पंप चार ते सहा वर्षं घेतलेल्या मुलांची उंची ती मोठी झाल्यावर मोजली गेली. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०१२ साली आलेल्या त्या निष्कर्षांत औषध न घेतलेल्या गटापेक्षा फरक भरला सरासरी १.२ सेंटिमीटर. हा फरक शून्य नाही, आणि म्हणूनच डॉक्टर मुलाला पुरेल असा कमीत कमी डोस शोधतात. पण वर्षातून तीनदा धाप वाढल्यावर तोंडावाटे जो स्टेरॉइडचा कोर्स द्यावा लागतो, तो साऱ्या शरीरात फिरतो. पंपाला भिऊन आपण मुलाला त्याच जातीच्या औषधाच्या मोठ्या डोसाकडे ढकलतो.

आता ज्या बाटलीला कुणी भीत नाही तिच्याकडे वळू. साल्ब्युटामॉलचं सिरप कितीतरी घरांत शिंकाळ्यावर किंवा फ्रिजच्या दारात ठेवलेलं असतं. त्याच्या पाच मिलीच्या चमच्यात सहसा २ मिलिग्रॅम, म्हणजे २००० मायक्रोग्रॅम औषध असतं. पंपाच्या एका पफमध्ये असतं १०० मायक्रोग्रॅम. एका चमच्यात वीस पफ! पंपातलं औषध थेट छातीत जातं म्हणून ते थोडं पुरतं. सिरप पोटातून रक्तात आणि रक्तातून सगळीकडे जाऊन मग श्वासनलिकेपर्यंत पोहोचतं, तेही उशिरा. ‘औषध दिल्यावर हात थरथरत होते, छाती धडधडत होती, रात्रभर झोपला नाही’ असं आई सांगते ते यामुळे. जगभरातली दम्याची मार्गदर्शक तत्त्वं हे औषध तोंडावाटे देऊ नका म्हणतात. तरी आपल्याकडे चमचा सौम्य आणि पंप कडक ही समजूत घट्ट आहे. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्याची मुलं खोकल्याच्या विषारी सिरपने मूत्रपिंडं निकामी होऊन नागपूरच्या रुग्णालयांत दाखल झाली, कितीतरी दगावली. ते प्रकरण भेसळीचं होतं, दम्याचं नव्हे. पण लहान मुलाच्या प्रत्येक खोकल्यावर बाटली आणायची ही सवय तेव्हा तरी तपासायला हवी होती.

पंप चांगला की वाईट हे बऱ्याचदा तो कसा दिला यावर ठरतं. लहान मुलाला पंप नुसता तोंडात धरून देता येत नाही, औषध घशावर आपटून वाया जातं. त्याला स्पेसर लागतो, म्हणजे मध्ये बसवायची प्लॅस्टिकची पोकळ नळी, आणि चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलाला पुढे मास्क. पंप हलवा, स्पेसरला लावा, मास्क नाक-तोंडावर घट्ट बसवा. बाजूने हवा सुटत असेल तर औषधही सुटतं. एकदाच दाबा, मग मुलाला पाच-सहा श्वास शांतपणे घेऊ द्या. श्वासागणिक स्पेसरमधली झडप फडफडताना दिसते. तिच्यावर नजर ठेवून मोठ्याने मोजलं तर मूलही मोजायला लागतं. दुसरा पफ हवा असेल तर अर्धा मिनिट थांबून, पंप पुन्हा हलवून. रडत्या मुलाच्या छातीत फार थोडं औषध जातं, म्हणून हात-पाय धरून मास्क दाबण्यात अर्थ नाही. आधी दोन-चार दिवस मास्क खेळायला द्या, बाहुलीला लावू द्या, तो बाबांच्या तोंडाला लावू दे. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरायची आणि मास्कखालचा चेहरा पुसायचा. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून काढा आणि तसाच वाळू द्या. फडक्याने कोरडा केला तर आत स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीलाच चिकटतं. दोनशे पफचा पंप रोज सकाळ-संध्याकाळ दोन-दोन पफ घेतल्यास पन्नास दिवसांत संपतो. नंतरही दाबला की फुसफुसतो, पण त्यात औषध नसतं. सुरू केल्याची तारीख त्यावर लिहून ठेवावी.

स्पेसर नाही म्हणून उपचार अडावेत असंही नाही. केपटाऊनमध्ये दम्याचा त्रास उठलेल्या मुलांवर केलेला एक अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. अर्ध्या लिटरच्या साध्या प्लॅस्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून ती जागा नीट बंद केली, तर तिचा उपयोग बाजारातल्या स्पेसरइतकाच झाला. ती मुलं पाच वर्षांपुढची होती, त्याहून लहानांना मास्क हवाच. तरीही डोंगरपाड्यावरच्या घरात, रात्री, रिकाम्या हातांनी बसण्यापेक्षा ही बाटली शंभर पटींनी बरी. ‘वाफेचं मशीन’ घेतलं नाही म्हणून खंतावणाऱ्या पालकांनीही ऐकावं: साध्या आणि मध्यम त्रासात स्पेसरमधून दिलेला पंप नेब्युलायझरइतकंच काम करतो, त्याला वीज लागत नाही. आणि पातेल्यातल्या पाण्याची वाफ हा दम्यावरचा उपाय मुळीच नाही. पातेलं कलंडून भाजायचा धोका तेवढा खरा.

मृग लागला की हैदराबादला माशाच्या औषधासाठी लागणाऱ्या रांगेत महाराष्ट्रातून मुलं घेऊन गेलेले आईबाप दिसतात. कोजागरीच्या चांदण्यात खिरीतून दम्याचं औषध देण्याचे फलक आपल्या गावांतही लागतात. त्या रांगेत उभं राहण्यामागची आशा आम्हाला कळते. परंतु जिवंत मासा गिळायला लावलेल्या मुलाचा त्या दिवसापासून पंप बंद होतो, हे फार घातक आहे.

घरातलं बरंच काही मात्र आपल्या हातात आहे. न्हाऊ घातल्यावर बाळाला वावडिंग-ओव्याची धुरी द्यायची ती थांबवावी. डास पळवायची कॉइल बंद खोलीत कधीच नको: एक कॉइल जळून संपेपर्यंत निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असू शकतात, असं २००३मधल्या एका संशोधनात मोजलं गेलं आहे. मच्छरदाणी लावा. माळा झाडायच्या दिवशी मुलाला शेजारी पाठवा, झाडू मारण्यापेक्षा ओलं फडकं फिरवा, मिरचीची फोडणी देताना ते स्वयंपाकघरात नसू दे. बाबा गॅलरीत जाऊन ओढतात तेव्हाही धूर त्यांच्या शर्टावरून घरात येतो आणि त्याच शर्टाला मूल बिलगतं. मुलासाठी सोडायची तर सिगारेट सोडा, मुलाची केळी-दही-ताक सोडवू नका. एखाद्या पदार्थाने त्रास होतो हे खरोखर दिसलं असेल तर वेगळी गोष्ट. एरवी थंड म्हणून निम्मं ताट काढून घेतलं की मूल अशक्त होतं आणि दमा जागच्या जागी राहतो.

त्रास उठला तर काय करायचं ते मुलाच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद फ्रिजवर लावा, कपाटात नको. साधारण रीत अशी की निळ्या पंपाचे दोन पफ एकेक करून, गरज पडली तर वीस मिनिटांनी पुन्हा, आणि आणखी वीस मिनिटांनी एकदा. तेवढ्याने भागलं नाही, किंवा पुन्हा लवकर गरज लागली, तर दवाखाना. मूल बोलू शकत नाही, दूध ओढू शकत नाही, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, ओठ निळसर दिसतात, ते सुस्तावलंय, यांपैकी काहीही दिसलं तर मोजत बसू नका. १०८ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत पंप देत राहा. सगळ्यात फसवी खूण म्हणजे धाप असताना अचानक थांबलेली शिट्टी. आवाज बंद झाला म्हणून घरच्यांना हायसं वाटतं, पण तेव्हा आत हवाच जात नसते.

हे सगळं आईला पहाटे तीनला, एकटीने, घाबरलेल्या मनाने करायचं असतं. तिला ते आधी कुणीतरी शिकवलेलं असायला हवं. म्हणून डॉक्टरांना आमची विनंती: चिठ्ठीवर दमा असेल तर दमाच लिहा, आणि स्पेसर नुसता लिहून देऊ नका, आईच्या हातात देऊन तुमच्यासमोर एकदा पंप द्यायला लावा. त्याला पाच मिनिटं लागतात. आरोग्य खात्याकडे मागणी एवढीच, की प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन्ही पंप आणि मास्कचा स्पेसर बारा महिने असावा, आणि तो कसा वापरायचा हे आशाताईंना शिकवलेलं असावं.