हात कधीतरी सुटतोच

"ताई, असल्या पोराला रस्त्यावर आणायचंच कशाला?" रिक्षावाले काका ओरडले तेव्हा त्यांचे हात हँडलवर थरथरत होते. माझेही थरथरत होते. मागून आलेल्या बसने कर्कश हॉर्न दिला होता. माझ्या नऊ वर्षांच्या ऑटिस्टिक मुलाने माझ्या मुठीतून हात हिसकला, दोन्ही कान दाबले आणि वाट दिसेल तिकडे धावला. ती वाट रस्त्याच्या मधोमध जात होती. रिक्षाचं पुढचं चाक त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबलं. काकांनी वेळेवर ब्रेक दाबला म्हणून मी आज हे लिहू शकते. ते घाबरले होते म्हणून चिडले होते, हे मला तिथेच कळलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही, पण त्यांचं म्हणणं मला मान्य नाही.

ते म्हणणं एकट्या काकांचं नाही. नातेवाईक हेच सांगतात, सोसायटीतले शेजारी सांगतात, आणि दमलेले आईबाप रात्री स्वतःलाही हेच सांगतात. त्यात तथ्य नाही असंही नाही. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. धडधाकट, सावध माणसं जिथे मरतात, तिथे ज्याला गाडीचा धोका चटकन उमगत नाही असं मूल का न्यावं? गाडीतून न्या, नाहीतर घरात ठेवा. काळजीपोटी निघालेला हा सल्ला मी कधीच हसण्यावारी नेला नाही.

पण घर मुलाला रस्त्यापासून वाचवतं, हे गृहीतच कच्चं आहे. अमेरिकेत ऑटिस्टिक मुलं असलेल्या बाराशेहून अधिक कुटुंबांचा एक अभ्यास २०१२ मध्ये 'पेडियाट्रिक्स' या नियतकालिकात आला. चार वर्षं पूर्ण झाल्यावरही एकदा तरी निसटून जाण्याचा प्रयत्न केलेली मुलं त्यात ४९ टक्के होती. त्यांच्या ऑटिझम नसलेल्या भावंडांत हे प्रमाण फार कमी होतं. जी मुलं काळजी वाटावी इतका वेळ बेपत्ता झाली, त्यांच्यातल्या ६५ टक्क्यांवर वाहनाखाली येण्याची वेळ आली होती. हे आईबाप काही निष्काळजी नव्हते. तरीही मुलं गेली. कुणाला नुसतं धावायला आवडतं म्हणून, कुणाला आवडीच्या जागी पोचायचं होतं म्हणून, कुणाला गोंगाट सोसेना म्हणून. दूधवाला आला की आपलंही दार दोन मिनिटं उघडं असतंच. ज्या मुलाने रस्ता कधी पाहिलाच नाही, त्याची रस्त्याशी पहिली भेट त्या दोन मिनिटांत व्हावी, आणि तीही एकट्याने? शिवाय माझा मुलगा पंचवीस वर्षांचा होईल तेव्हा मी साठीला आलेली असेन. आम्ही पालक भेटलो की बोलणं फिरून फिरून "आमच्यानंतर याचं काय?" या एकाच प्रश्नावर येतं. घरात ठेवणं हे त्या प्रश्नाचं उत्तर नाही, त्याने प्रश्न फक्त पुढे जातो.

"मग हात घट्ट धरायचा ना!" हा दुसरा सल्ला. त्या दिवशी मी हात घट्टच धरला होता. त्याचं मनगट दुसऱ्या दिवशीपर्यंत लाल होतं. पण ज्या कानांना हॉर्न सुरीसारखा लागतो, त्या कानांवर ठेवायला दोन्ही हात लागतात. त्यातला एक मी अडकवून ठेवला होता. मी त्याला धरत नव्हते, त्याच्यापाशी असलेला एकुलता एक बचाव मी काढून घेतला होता. हे माझ्या ध्यानात यायला तो अपघात व्हायची वेळ यावी लागली, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून कमरेचा पट्टा आला. त्याच्या कमरेला पट्टा, त्याला जोडलेली दोरी माझ्या हातात, आणि त्याचे दोन्ही हात मोकळे. सासूबाईंनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं, दावं बांधलेल्या वासरासारखं दिसतंय गं लेकरू." रस्त्यावरची माणसंही थबकून बघतात. सासूबाईंचं दुःख मला खोटं वाटत नाही. माणसाला बांधणं ही वाईटच गोष्ट आहे, आणि आपल्याकडे मनोरुग्णांना साखळदंड घातल्याचा इतिहास फार जुना नाही. म्हणून मी काही गोष्टी कटाक्षाने पाळते. पट्टा फक्त रहदारीच्या टप्प्यात लागतो, बागेत शिरताच निघतो. पट्ट्याने त्याला ओढायचं नाही, शिक्षा म्हणून लावायचा नाही, खांबाला किंवा बाकाला तर कधीच अडकवायचा नाही. पण पट्टा त्याला काय वाटतो हे त्यालाच विचारावं, आणि जो फार बोलत नाही त्याला त्याच्या वागण्यातून विचारावं. तिसऱ्या आठवड्यापासून बाहेर जायचं म्हटलं की तो स्वतः जाऊन दारामागच्या खुंटीवरचा पट्टा काढून आणतो. सासूबाईंनी हे पाहिलं, आणि आता कधी कधी त्याच त्याला बांधून देतात.

आता ज्या आक्षेपाला मी सर्वांत जास्त घाबरते, त्याच्याकडे येते. "त्याला भीतीच कळत नाही, शिकवून काय उपयोग?" माझ्या अनुभवात प्रश्न भीतीचा नाहीच, लक्ष कुठे खिळतं याचा आहे. आमच्या मुलाचं लक्ष चाकांवर खिळतं. फिरणारं चाक दिसलं की बाकी जग मावळतं, हाकही पोचत नाही. एक वर्ष मी त्याची मान चाकांवरून वळवण्यात घालवलं. मग त्याच्या स्पेशल एज्युकेटर ताई म्हणाल्या, "चाकच बघू दे की. त्यालाच सिग्नल करू या." चाक फिरतंय, पाय थांबले. चाक थांबलं, मग आईकडे बघायचं, मग पाऊल. आम्ही सोसायटीच्या फाटकाशी खडूने दोन पावलं काढली. रस्त्यापासून दोन फरशा अलीकडे, तिथल्या मोरीच्या झाकणाच्या बाजूला. तिथे उभं राहायचं आणि येणाऱ्या गाड्यांची चाकं मोजायची. रिक्षाची तीन, कारची चार, बसची सहा. "पळू नको" हे शब्द मी टाकून दिले, कारण त्या वाक्यातला त्याच्यापर्यंत पोचणारा शब्द "पळ" हाच होता. त्याऐवजी एकच शब्द ठेवला, "थांब", हळू आणि नेहमी त्याच सुरात. पावसाने खडू गेला की पुन्हा काढायचा. सात आठवड्यांनी एका सकाळी खडूच्या खुणा नसतानाही तो झाकणापाशी येऊन स्वतः उभा राहिला. त्याच्या टाचा मोरीच्या झाकणाच्या कडेला बरोबर लागलेल्या होत्या. मी काहीच बोलले नाही, बोलायला जमलंच नाही.

आणि पुढच्याच चौकात तो थेट उतरला. तिथे झाकण नव्हतं. एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी आपोआप जात नाही, हे अशा मुलांच्या बाबतीत नेहमीचंच आहे. म्हणून "एकदा शिकवलं, झालं" असं मी कुणालाच सांगत नाही. प्रत्येक कोपरा नव्याने शिकवावा लागतो. शिकवण्यामुळे पालकांना फाजील विश्वास येईल, ही शंका मला रास्त वाटते, म्हणूनच पट्टा अजून खुंटीवर आहे. थांबलेली गाडी निघू शकते, थांबलेल्या बसआडून दुचाकी येऊ शकते, हा पुढचा धडा आम्ही अजून नीट घेतलेला नाही.

काही ऑटिस्टिक प्रौढ माणसं वेगळी हरकत घेतात, आणि ती फार मोलाची आहे. शब्दासरशी थांबणारं मूल घडवू नका, ती म्हणतात, उद्या ते कुणाच्याही शब्दावर थांबेल. म्हणूनच "थांब" हा शब्द सोबतीला असला तरी मुख्य खूण आम्ही माणसावर ठेवली नाही, रस्त्यावर ठेवली. त्याला माझा हुकूम पाळायचा नाही, त्याला चाक वाचायचं आहे.

इथपर्यंतचं काम घराचं. पण ते एकट्या घराने का करावं? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांनुसार फूटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी. फूटपाथ वापरण्याचा पादचाऱ्याचा हक्क हा अनुच्छेद २१ चाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितलं. शाळेच्या वाटेवर मात्र फूटपाथवर आधी विजेचा डीपी, मग उभ्या केलेल्या दुचाक्या, मग फरशांचा ढीग. तुम्हाआम्हाला त्यावरून खाली उतरणं ही कटकट वाटते. ज्याला "फूटपाथ सोडायचा नाही" हा एक नियम महिनाभर खपून शिकवलाय, त्याला रोज त्याच्याच आईने तो नियम मोडायला लावणं ही फार वाईट गोष्ट आहे. सिग्नलचंही तेच. हिरवा माणूस दिसला की चालायचं, हे त्याला चित्रावरून चटकन कळलं. नियम पाळण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. पण आपल्या चौकात हिरवा माणूस दिसत असतानाही डावीकडून गाड्या वळतच राहतात. त्या क्षणी माझ्या मुलाचा नियमावरचा विश्वासच त्याच्या जिवावर उठतो. त्याला तो विश्वास सोडायला मी शिकवू? की तुम्ही झेब्रा क्रॉसिंगपाशी चाक थांबवाल?

मला चाक थांबवलेलं हवंय. आणि शाळेच्या वाटेवर तो हॉर्न नको. एवढं मागताना मला संकोच वाटत नाही. कारण ज्या रस्त्यावर माझा मुलगा सुखरूप चालेल, तिथे सासूबाईही काठी टेकत चालतील, आणि पहिलीतलं कुठलंही मूल चालेल.

गेल्या आठवड्यात फाटकाबाहेरचा रस्ता पाइपलाइनसाठी खणला. मोरीचं झाकण ढिगाऱ्याखाली गेलं. दोन दिवस तो फाटकाशी येऊन खाली बघत राहिला, टाचा टेकायला जागा शोधत. काल संध्याकाळी ढिगाऱ्याच्या अलीकडे एक सपाट फरशी सापडली. आज शाळेतून आल्यावर तिथे खडू घेऊन बसायचंय.