५४ मतं कुणाची?

राज्यसभेची निवडणूक आली की आमदारांना बसमध्ये भरून हॉटेलात कोंडतात. जून २०२२ मध्ये मुंबईत हाच तमाशा झाला. सहा जागा, सात उमेदवार. पेपरवाले मोजत बसले, कोण फुटला, दिल्लीत कुणाचं बळ वाढलं.

आपण आपला हिशेब मांडू. विधानसभेत आमदार २८८. सहा जागा भरायच्या तर पहिल्या पसंतीची ४२ मतं पडली की माणूस निवडून आला. आता राखीव जागा मोजा. अनुसूचित जातींच्या २९, जमातींच्या २५. बेरीज ५४. हे ५४ जण एका रांगेत उभे राहिले तर कुणाच्या बंगल्यावर न जाता आपला माणूस राज्यसभेत जातो. वर १२ मतं उरतात!

मग घोडं अडतं कुठं? पक्षांतरबंदी म्हणाल तर ती थाप आहे. या निवडणुकीत पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून आमदारकी जात नाही, सुप्रीम कोर्टानं २००६ सालीच सांगितलंय. पण २००३ पासून मतपत्रिका पक्षाच्या एजंटला दाखवूनच पेटीत टाकायची. आमदारकी राहते, पुढचं तिकीट जातं. त्या तिकिटापायी ५४ माना खाली.

लोकसभेत, विधानसभेत राखीव जागा आहेत. राज्यसभेत एकही नाही. त्याच सभागृहानं ९ जानेवारी २०१९ ला आर्थिक निकषावरचं दहा टक्के आरक्षण १६५ विरुद्ध ७ मतांनी पास केलं. दलित, आदिवासी, ओबीसी गरिबाला त्यातून वगळून! सरकारकडं तेव्हा तिथं बहुमत नव्हतं. विरोधकांनीच हात वर केले. त्या दिवशी कुणाला हॉटेलात कोंडावं लागलं नाही. आपल्या पोटावर पाय द्यायला सगळे एक. मग बहुमत ह्याचं की त्याचं, आपल्याला काय फरक पडतो?

१९५२ साली मुंबईनं बाबासाहेबांना लोकसभेला पाडलं. त्याच साली ते राज्यसभेत गेले आणि तिथून सरकारला तोंडावर सुनावलं. दार तेच आहे. आज त्या दारात आपले आमदार दुसऱ्यांची पालखी वाहतात.

राखीव जागेवरचा आमदार वस्तीत येईल तेव्हा नळाचं, गटाराचं विचाराच. पण आधी चारचौघांत एवढं विचारा: साहेब, राज्यसभेला तुमचा एक नंबर कुणाला गेला? आणि तो कुणाला विचारून दिलात?