फळ्यापुढील गृहस्थ

खडू हातीं धरण्यांत आमचें आयुष्य गेलें; म्हणून फळ्याच्या बळावर मंत्रिपदाला पोंचलेल्या एका गृहस्थाची हकीकत वाचतांना आम्हांस विशेष कौतुक वाटलें. हे गृहस्थ म्हणजे कॅनडांतील क्वेबेक प्रांताचे रेने लेवेक.

१९४४ सालीं अमेरिकन सैन्याच्या पाठोपाठ ते युद्धवार्ताहर म्हणून यूरोपांत गेले. १९५१ सालीं कोरियांतून त्यांनीं नभोवाणीसाठीं वृत्तें पाठविलीं. परंतु त्यांचें नांव घरोघरीं झालें तें १९५६ पासून फ्रेंच दूरचित्रवाणीवर चाललेल्या 'प्वँ द मीर' या कार्यक्रमामुळें. अंगयष्टि ठेंगणी, आवाज घोगरा, हातांत अखंड सिगारेट (हें शेवटचें आमच्या बालवाचकांनीं घेऊं नये!), पण नकाशा, फळा व छडी घेऊन ते सुएझ-अल्जीरियाचीं प्रकरणें अशीं उलगडीत कीं, मजुरासही तीं आपल्या आळींतलीं वाटावींत.

१९५८ च्या डिसेंबरांत तेथील निर्मात्यांनीं संप पुकारला. लेवेकही त्यांत उतरले. दोन महिने लोटले तरी ओटावाचें सरकार स्वस्थ! इंग्रजी कार्यक्रम बंद पडते तर असेंच झालें असतें काय, हा प्रश्न त्यांच्या मनांत रुतून बसला. १९६० सालीं ते निवडून येऊन मंत्री झाले. खासगी वीज-कंपन्या प्रांतानें विकत घ्याव्या, हा त्यांचा आग्रह. १९६२ ची निवडणूक याच प्रश्नावर झाली, आणि पुनः तोच फळा बाहेर आला! पुढच्या वर्षीं ११ कंपन्या 'हायड्रो-क्वेबेक'कडे आल्या.

आमचे एक स्नेही म्हणतात, वार्ताहरानें पक्ष धरला कीं त्याची साक्ष बुडाली. आम्हांस हें सर्वस्वी मान्य नाहीं. आंकडे उघड मांडून जो मत मागतो, त्याला खोडून काढण्याची सोय तोच आपल्या हातीं देतो.

१९६८ सालीं त्यांनीं 'पार्टी केबेक्वा' हा पक्ष काढला, दोनदां स्वतः पडले, आणि १९७६ सालीं मुख्य प्रधान झाले. १९७७ च्या फ्रेंच भाषेच्या कायद्याचा गाजावाजा फार झाला. परंतु पक्षांना देणगी मतदारानेंच द्यावी, कंपन्यांनीं वा कामगारसंघांनीं देऊं नये, हा त्याच वर्षींचा कायदा आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. १९८० सालीं मात्र, सार्वभौमत्वाच्या वाटाघाटीस अनुमति मागितली असतां, शेंकडा सुमारें ६० मतदारांनीं नकार दिला. येथें विजेच्या दरांसारखें गणित मांडण्याची सोय नव्हती. १९८५ सालीं त्यांनीं पद सोडलें, दुसऱ्या वर्षीं आत्मचरित्र प्रसिद्ध केलें, आणि १९८७ च्या १ नोव्हेंबरला ते वारले.