‘बीचफ्रंट’ हॉटेल बुक करताय? आधी भरतीची वेळ विचारा!

मैत्रिणींनो, आमच्या घरात कुठल्याही सहलीचं बुकिंग माझ्याकडेच येतं. कारण काय, तर ‘तू दिवसभर फोनवरच तर असतेस!’ कंटेंट रायटरचं काम म्हणजे टाइमपास नाही, हे घरच्यांना समजावणं मी आता सोडून दिलंय. तर गेल्या डिसेंबरातलं अंदमानचं बुकिंगही असंच माझ्या गळ्यात पडलं.

जाणारे सात जण. आई-बाबा, दादा-वहिनी, त्यांची चार वर्षांची चिऊ, मी आणि आमची ७८ वर्षांची आजी. आजीचं माहेर दापोलीजवळचं. लग्न होऊन इंदूरला आली आणि समुद्र मागे राहिला. आता गुडघे साथ देत नाहीत. तिची मागणी एकच होती, “सेल्युलर जेल बघायचं आणि एकदा समुद्रात पाय बुडवायचे. बाकी तुम्ही काय ते ठरवा.”

पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजयपुरम, तिथे दोन रात्री ठरल्या. पुढच्या तीन रात्री हॅवलॉक बेटावर. त्याचंही नाव २०१८ मध्ये बदलून स्वराज द्वीप झालंय. हॅवलॉकला मी हॉटेल निवडलं ते दोन गोष्टी बघून. एक, ‘बीचफ्रंट’ हा शब्द. दोन, समुद्रात बुडणाऱ्या केशरी सूर्याचा फोटो. रेटिंग चांगलं होतं, बजेटमध्ये बसत होतं. झालं, पैसे भरले!

पोहोचलो, आणि समुद्रच नाही!

फेरीने दीड-दोन तासांत हॅवलॉकला पोहोचलो. सामान टाकून चारच्या सुमारास आजीला घेऊन किनाऱ्यावर आलो. समोर खडक, शेवाळ आणि मेलेल्या प्रवाळाचे टोकदार तुकडे. पाणी कितीतरी आत गेलेलं. चिऊने विचारलं, “आत्या, समुद्र कुठे गेला?”

आजीने काठी वाळूत रोवली आणि शांतपणे म्हणाली, “ओहोटी आहे गं. काल दत्तजयंती झाली ना? पौर्णिमेचं उधाण. भरती जेवढी चढते, तेवढीच ओहोटी खाली जाते. हॉटेलवाल्याला विचारलं नव्हतंस?”

नव्हतं विचारलं. एसी विचारला होता, वाय-फाय विचारलं होतं, नाश्ता फ्री आहे का तेही विचारलं होतं. पण समुद्र कधी असतो, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

सूर्यास्ताची तर वेगळीच गंमत. आमचं हॉटेल बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर होतं. तिथे सूर्य समुद्रातून उगवतो, मावळतो मागच्या झाडांमध्ये! वेबसाइटवरचा तो फोटो पश्चिमेकडच्या राधानगर बीचचा असणार. मला हे फोटो बघतानाच कळायला हवं होतं.

आजी काही बोलली नाही. खुर्चीत बसून लांबूनच पाण्याकडे बघत राहिली. “छान आहे हो,” म्हणाली. ते ‘छान आहे हो’ ऐकून मला जास्तच वाईट वाटलं. इतक्या लांब आणून आजीला मी खडक दाखवले होते.

आजीचं गणित

रात्री आजीने हिशोब मांडला. कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. म्हणजे अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. मी जाऊन रिसेप्शनवरच्या दादांना विचारलं. ते म्हणाले, “उद्या दहाच्या आसपास पाणी पूर्ण वर असेल.” आजी हसली. “इथला समुद्र वेगळ्या घड्याळावर चालतो म्हणायचा!” खरंच आहे ते. प्रत्येक बंदराची भरतीची वेळ वेगळी असते, त्यामुळे कोकणातलं गणित अंदमानात जसंच्या तसं चालत नाही.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला बाहेर आलो तर विश्वास बसेना. पाणी झाडांच्या मुळांपर्यंत आलेलं, कालचे खडक गायब. दादाने एक हात धरला, मी दुसरा. वाळूच्या पट्ट्यावर, घोट्याच्या जरा वर येईल एवढ्या पाण्यात आजी दहा मिनिटं उभी राहिली. चिऊ तिच्या पायांवर पाणी उडवत होती. आजी फक्त एवढंच म्हणाली, “वास तोच आहे.”

दुपारी टॅक्सी करून राधानगरला गेलो. जेट्टीपासून साधारण १२ किलोमीटरवर असलेल्या या किनाऱ्याला २००४ मध्ये ‘टाइम’ मासिकाने आशियातला सर्वोत्तम बीच म्हटलं होतं. तिथे वाळूचा तळ आहे, उतार हळूहळू जाणारा आहे. त्यामुळे ओहोटी असूनही चिऊला मनसोक्त खेळता आलं. फक्त डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा ‘संध्याकाळी निवांत जाऊ’ म्हणालात तर अंधारच बघाल!

पुढच्या वेळी मी काय विचारणार?

एकच लक्षात आलं. ‘बीचफ्रंट’ हा शब्द हॉटेल कुठे आहे ते सांगतो. तुमच्या घरची माणसं पाण्यात जाऊ शकतील का, ते सांगत नाही. म्हणून आता माझी यादी तयार आहे.

१. बीच कोणता? हॅवलॉकची बरीच हॉटेलं पूर्वेला गोविंदनगर आणि विजयनगर भागात आहेत. तिथली सकाळ सुंदर असते, पण ओहोटीला पाणी खूप आत जातं. राधानगरजवळ हॉटेलं कमी आणि महाग. नकाशात सॅटेलाइट व्ह्यू लावून बघा. किनाऱ्याला लागून तपकिरी पट्टा दिसला तर तिथे खडक किंवा प्रवाळ असण्याची शक्यता जास्त.

२. आमच्या तारखांना भरती किती वाजता? पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक इंटरनेटवर मिळतं. वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. हॉटेलकडे फोटो मागू नका, ओहोटीच्या वेळचा व्हिडिओ मागा. तो आनंदाने पाठवणारं हॉटेल निम्मी परीक्षा तिथेच पास!

३. खोलीपासून पाण्यापर्यंत वाट कशी आहे? आमची खोली मागच्या बाजूला होती. मधली वाट वाळूची, आजीची काठी रुतायची. ‘सी-व्ह्यू’ नसला तरी चालेल, पण वयस्कर माणसांसाठी तळमजला, पक्की वाट आणि जेवणाची जागा जवळ असलेली खोली मागा. बाथरूमला उंच पायरी आहे का, तेही विचारा.

४. इथे पाण्यात उतरणं सुरक्षित आहे का? अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. खाडी किंवा खारफुटी जवळ असेल तर जास्त सावध राहा. किनाऱ्यावरचे सूचनाफलक वाचा, जीवरक्षक असतील तिथेच मुलांना पाण्यात न्या. पहाटे आणि संध्याकाळी वाळूतल्या बारीक माश्या चावतात, मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.

५. रात्री कोणी आजारी पडलं तर? हॅवलॉकला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, पण मोठं सरकारी रुग्णालय पोर्ट ब्लेअरलाच. मध्ये समुद्र आहे, हे विसरू नका. नेहमीची औषधं दोन-चार दिवसांची जास्तच घ्या. हॉटेलकडे रात्री गाडीची सोय आहे का, हे बुकिंगआधी विचारा.

६. फेरी रद्द झाली तर पैसे परत मिळतील का? हवामान बिघडलं की फेऱ्या रद्द होतात, पावसाळ्यात तर जास्तच. म्हणून परतीच्या विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच ठेवा.

मैत्रिणींनो, हॉटेल निवडताना आपण स्वतःच्या डोळ्यांनी बघतो. स्विमिंग पूल, झोपाळा, फोटो कुठे छान येतील! पण घरात जो सगळ्यात हळू चालतो आणि जो सगळ्यात लहान आहे, त्या दोघांच्या पायांनी एकदा चालून बघा. त्यांना जमलं की बाकीच्यांना आपोआप जमतं.

परतीच्या फेरीत आजीने हळूच विचारलं, “पुढच्या वर्षी दापोलीला नेशील? तिथली भरती मी सांगेन तुला.” बुकिंग अर्थातच माझ्याकडे आहे. यावेळी पहिला प्रश्न काय विचारायचा, ते मला माहीत आहे.