मत दिल्यानंतर काय?

पक्षाध्यक्षपदासाठी दोन उमेदवार उभे राहिले की आपल्याकडे प्रथम विचारले जाते, ‘येणार कोण?’ हा प्रश्न सट्टेबाजाचा आहे, कार्यकर्त्याचा नव्हे. जानेवारी १९३९ मध्ये सुभाषबाबू व पट्टाभी सीतारामय्या यांच्यात लढत झाली, तेव्हा वल्लभभाईप्रभृती ज्येष्ठांचा विरोध असूनही काँग्रेसमधील समाजवाद्यांनी सुभाषबाबूंना पाठिंबा दिला आणि ते दोनशेहून अधिक मतांनी विजयी झाले. मार्चमध्ये त्रिपुरीला पंत ठराव आला. तेव्हा हेच समाजवादी तटस्थ राहिले! एप्रिलअखेर सुभाषबाबूंना राजीनामा द्यावा लागला. ऐक्य टिकविण्याचा हेतू प्रामाणिक असेल. पण निवडून दिलेला माणूस एकाकी पडला, हे सत्य उरतेच.

२०२२ साली काँग्रेसमध्ये खरगे यांना ७,८९७ व थरूर यांना १,०७२ मते पडली. मतदार होते ते प्रदेश प्रतिनिधी. गावोगावच्या साध्या सभासदाला मत नव्हते. अशा वेळी पूर्णाकाठच्या सिद्धेश्वरसारख्या गावातील कार्यकर्त्याने आपल्या प्रतिनिधीला गाठून विचारावे : धरणाच्या कालव्याच्या शेवटच्या टोकावरील शेतकऱ्याविषयी तुमच्या उमेदवाराची भूमिका कोणती? आणि उद्या त्याची कोंडी झाली, तर तुम्ही कोणत्या बाजूला बसलेले असाल?