आर्चडीकनचे वेतन आणि ‘तटस्थ’ राज्यसत्ता

भारतातील ब्रिटिश राजवट धर्माच्या बाबतीत तटस्थ होती, हा समज आपल्याकडील सुशिक्षितांत आजही दृढमूल आहे. या समजाची परीक्षा भाषणांवरून नव्हे, जमाखर्चावरून करावी.

१८१३ च्या सनदी कायद्याने कलकत्त्यास एक अँग्लिकन बिशप आणि कलकत्ता, मद्रास व मुंबई येथे प्रत्येकी एक आर्चडीकन नेमण्याची तरतूद झाली. आर्चडीकन म्हणजे बिशपच्या खालोखालचा, इलाख्यातील पाद्र्यांवर देखरेख ठेवणारा अधिकारी. जॉर्ज बार्न्स हे मुंबईचे पहिले आर्चडीकन. बिशपला वर्षाला ५,००० पौंड, प्रत्येक आर्चडीकनला २,००० पौंड. एकूण ११,००० पौंड. हा पैसा लंडनहून येत नव्हता. तो येथील महसुलातून, म्हणजे रयतेच्या घामातून जात होता. याच कायद्याने कोट्यवधी प्रजेच्या शिक्षणासाठी किती रक्कम ठेवली? वर्षाला एक लाख रुपये! तेव्हाच्या विनिमय दराने चार धर्माधिकाऱ्यांचे वेतनही जवळपास तेवढेच होते.

१८३७ मध्ये मुंबईला स्वतंत्र बिशप मिळाला. आर्चडीकन टॉमस कार त्या पदावर चढले. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्याने धार्मिक तटस्थतेची ग्वाही दिली. १८६३ च्या कायद्याने बंगाल व मद्रास इलाख्यांतील मंदिरे-मशिदींच्या व्यवस्थापनातून सरकारने अंग काढून घेतले. मग बिशप-आर्चडीकनच्या वेतनातून अंग का निघाले नाही? आयर्लंडमधील अँग्लिकन चर्चचा राजाश्रय १८६९ च्या कायद्याने संपवण्यात आला. तो न्याय हिंदुस्थानला का नको होता?

१९३० मध्ये येथील अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने विभक्त झाले. तरीही १९३५ च्या कायद्यात धर्मखात्यासाठी निवृत्तिवेतन वगळून ४२ लाख रुपयांपर्यंतचा खर्च कायदेमंडळाच्या मताधिकाराबाहेर ठेवण्यात आला. करदात्याने पैसा द्यावा, पण प्रश्न विचारू नये, अशी ही तटस्थता!

येथे दोष ख्रिस्ती देशबांधवांचा नाही. स्वतःच्या वर्गणीतून चर्च चालवणे हा त्यांचा निर्विवाद हक्क आहे. हे खातेही मुख्यतः गोऱ्या अधिकाऱ्यांच्या व सैनिकांच्या सोयीसाठी होते. आक्षेप आहे तो एका पंथाचे वेतन सर्वांच्या तिजोरीतून देऊन वर निःपक्षपातीपणाचा टेंभा मिरवणाऱ्या सत्तेवर. पाठ्यपुस्तकांत राणीचा जाहीरनामा जरूर असावा. मात्र त्याच्या शेजारी हा हिशेबही छापला जावा. राज्यसत्तेचा धर्म तिच्या शब्दांत नव्हे, तिच्या खतावणीत वाचायचा असतो.